माकडांचा बंदोबस्त कोणाकडे मागायचा: नगरपरिषदेकडे की वनविभागाकडे?

प्रश्न
कौलारू:

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान नगरपरिषदेच्या हद्दीत राहतो. आमच्या आळीत लाल तोंडाच्या माकडांची एक मोठी टोळी गेल्या काही वर्षांपासून कायमची मुक्कामाला आली आहे. पूर्वी ही माकडे आंबा-काजूच्या हंगामात बागांमधून येत आणि पावसाळ्यात दिसेनाशी होत. आता ती बाराही महिने असतात. कौले उचकटणे, पाण्याच्या टाक्यांची झाकणे काढून आत उतरणे, वाळवणे पळवणे हे तर रोजचेच झाले आहे. पण अलीकडे ती माणसांच्या अंगावर येऊ लागली आहेत. शेजारच्या एका आजींना गच्चीवर माकडाने घेरले, त्या घाबरून मागे सरताना पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले.

आम्ही वीस-बावीस घरांनी मिळून नगरपरिषदेला अर्ज दिला. उत्तर आले की वन्यप्राणी हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही, आपण वनविभागाशी संपर्क साधावा. वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात गेलो, तर नागरी हद्दीतील उपद्रवाची तक्रार नगरपरिषदेमार्फत यावी, असे तोंडी सांगण्यात आले. मासळी बाजारातील आणि एस.टी. स्थानकावरील मोकाट कुत्र्यांबद्दल याच नगरपरिषदेकडे तक्रार केली, तेव्हा निर्बीजीकरणाच्या निविदेला प्रतिसाद मिळाला नाही, असे लेखी मिळाले. म्हणजे एका प्राण्याबाबत अधिकार नाही आणि दुसऱ्याबाबत अधिकार असूनही काम नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. कायद्याने ही जबाबदारी नेमकी कोणाची आहे? आणि माकडे पकडली गेलीच, तर ती नेऊन सोडायची कुठे, हे कोण ठरवते? कारण शेजारच्या गावातील लोक आत्ताच म्हणू लागले आहेत की तुमची माकडे आमच्या हद्दीत सोडाल तर खबरदार.

प्रतिसाद १
जुना कारकून:

मी दुसऱ्या जिल्ह्यातील नगरपालिकेत आस्थापना आणि आरोग्य या दोन्ही विभागांत काम केलेले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. आपण कुत्री, गुरे आणि माकडे यांना एकाच अर्जात घातले असेल, तर तो अर्ज कोणाच्याही टेबलावरून परत जाणारच. रहिवाशाला हा सगळा एकच उपद्रव वाटतो, पण कायद्यात या तिघांच्या तीन वेगळ्या वाटा आहेत.

कुत्र्यांबाबत संदिग्धता अजिबात नाही. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम नव्याने लागू केले, त्याआधी २००१ चे नियम होते. दोन्हींत काम स्थानिक स्वराज्य संस्थेचेच आहे. कुत्रे पकडायचे, निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचलले तिथेच परत सोडायचे, असा हा क्रम आहे. निविदेला प्रतिसाद आला नाही, हे नगरपरिषदेच्या अडचणीचे वर्णन झाले. त्याने जबाबदारी संपत नाही. शिवाय आपल्या एस.टी. स्थानकाचा मुद्दा आता वेगळा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला होता. तो २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बदलला आणि लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्याचा नियम, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांचा अपवाद ठेवून, पुन्हा कायम केला. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री उचलून, ती पुन्हा त्याच आवारात न सोडता निवाऱ्यात ठेवावीत, असे सांगितले. म्हणून मासळी बाजारातील कुत्र्यांसाठी एक अर्ज आणि स्थानकाच्या आवारातील कुत्र्यांसाठी दुसरा अर्ज करा. दोन्हींचे उत्तर एकच असू शकत नाही.

मोकाट गुरांसाठी १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यापासून कोंडवाड्याची सोय आहे आणि राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये कोंडवाडे व प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. कोंडवाड्याची जागा पूर्वीच भाजी मंडईला दिली गेली असेल, तर ती गोष्ट निराळी, आणि बहुतेक गावांत ती तशीच दिली गेलेली आहे.

माकडांचे तसे नाही. आपल्याकडील लाल तोंडाचे माकड हे उत्तरेतले ऱ्हीसस नव्हे, ते दक्षिणेतले टोपीवाले माकड आहे, बॉनेट मकाक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्या दुरुस्तीने ऱ्हीसस माकड संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचींतून पूर्णपणे वगळले गेले आणि टोपीवाले माकड उलट पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत गेले. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पकडणे आणि सापळा लावणे हेही येते. त्यामुळे नगरपरिषदेने परस्पर पिंजरा लावला तर मुख्याधिकारीच गुन्ह्यात सापडतील. पकडण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशानेच मिळते. तेव्हा नगरपरिषदेचे पहिले उत्तर कायद्याला धरून आहे आणि वनविभागाने आपल्याला परत पाठवणे धरून नाही.

एक गोष्ट अर्ज लिहिताना विसरू नका. कलम ११ प्रमाणे पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत परवानगीचे कारण मानवी जीविताला धोका हे असावे लागते; मालमत्तेचे आणि उभ्या पिकाचे नुकसान हे कारण दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांना लागू होते. आपण अर्जात फुटलेल्या कौलांचे पान भरून वर्णन केले असेल आणि आजींचे मनगट एका ओळीत संपवले असेल, तर ते उलट करा. वैद्यकीय दाखला जोडा.

प्रतिसाद २
यमुनातीर:

मी नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झालेला मराठी माणूस आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे सोडायचे कुठे याला, दिल्लीचा अनुभव अगदी थेट लागू पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

येथील माकडे ऱ्हीसस आहेत आणि ती मंत्रालयांच्या इमारतींपासून वसाहतींच्या गच्च्यांपर्यंत सर्वत्र आहेत. महापालिका म्हणत असे की हा वन्यप्राणी आहे. वनविभाग म्हणत असे की शहरात माणसांच्या अन्नावर जगणारे माकड हा आमचा विषय नाही. एका वसाहतीच्या रहिवासी संघाच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २००७ मध्ये या वादाची वाटणी करून टाकली. पकडण्याचे काम महापालिका आणि नवी दिल्ली नगरपरिषदेने करायचे, पकडलेली माकडे शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या असोला-भाटी अभयारण्यात सोडायची आणि तिथे त्यांच्या खाण्याची व्यवस्था वनविभागाने पाहायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीचे उपमहापौर सुरिंदरसिंग बाजवा हे घराच्या गच्चीवर माकडांना हुसकावताना खाली पडून मृत्यू पावले, तेव्हा तर या कामाला जोर येईल असे सर्वांनाच वाटले.

जोर आलाही. तेव्हापासून वीस हजारांहून अधिक माकडे असोला-भाटीत नेऊन सोडली गेली. पण तो भाग म्हणजे घनदाट अरण्य नव्हे, जुन्या खाणींनी पोखरलेला, विलायती बाभळीने भरलेला अरवलीचा पट्टा आहे. माकडांना तिथे खायला पुरेसे मिळत नाही म्हणून फळे-भाज्या विकत घेऊन गाड्यांनी पोचवाव्या लागतात. त्या पोचल्या तरी माकडे भिंत ओलांडून कडेच्या वस्त्यांमध्ये जातात आणि तिथले लोक आज नेमकी तीच तक्रार करतात, जी २००७ पूर्वी मध्य दिल्लीतील लोक करत होते. फरक एवढाच की न्यायालयात गेलेल्या वसाहती सधन होत्या आणि भाटीच्या कडेची वस्ती प्रामुख्याने मजुरांची आहे. त्याआधी काही माकडे मध्य प्रदेशात कुनो-पालपूरला नेण्याचाही प्रयोग झाला होता, पण दुसऱ्याची माकडे घेण्यास कोणते राज्य आनंदाने तयार होणार?

मध्यंतरीचे उपायही ऐकण्यासारखे आहेत. सरकारी इमारतींभोवती वानर घेऊन फिरणारी माणसे नेमली होती, कारण ऱ्हीसस माकडे काळ्या तोंडाच्या वानराला दबून असतात. वानर हा स्वतःच संरक्षित प्राणी असल्याने त्याला दोरीने बांधून कामाला लावणे बेकायदा ठरले आणि ते बंद झाले. मग वानरासारखा आवाज काढणारी चाळीस माणसे नेमल्याचे २०१४ मध्ये संसदेत सांगण्यात आले. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी रस्त्याकडेला वानरांचे मोठाले कटआउट उभे केलेले मी स्वतः पाहिले आहेत. परिषद संपली, माकडे आहेत.

आणि आता कायद्याची नवी गंमत अशी की २०२३ पासून ऱ्हीसस कोणत्याच अनुसूचीत नाही. म्हणजे वन्यजीव कायद्याचे कारण महापालिकेकडून निघून गेले, पण वनविभागालाही हात झटकायला नवे कारण मिळाले. जबाबदारी ठरवून देणारा आदेश असतानाही सतरा-अठरा वर्षांत हे झाले. त्यामुळे 'कोणी पकडायचे' या प्रश्नाइतकाच जोर 'कोणी स्वीकारायचे आणि त्यानंतर कोण लक्ष ठेवणार' यावर द्या, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद ३
आगरवाला:

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण ज्याची नारळाची, सुपारीची बाग आहे त्याला यातून काय मिळणार, हे मला समजत नाही. शहाळी पोखरून टाकलेली, आंब्याचा मोहोर झोडपलेला, राखणीला ठेवलेल्या गड्याची मजुरी उत्पन्नापेक्षा जास्त, अशी स्थिती आहे. कित्येकांनी भाजीपाला आणि भुईमूग लावणे सोडून दिले. बाहेरून येणारे लोक घाटातील वळणावर गाडी थांबवून माकडांना वेफर्स खाऊ घालतात आणि पुण्य घेऊन जातात. पाप आमच्या बागेत उतरते. सरकारने माकड हा उपद्रवी प्राणी जाहीर करून मोकळे व्हावे. इतर राज्यांत झालेच आहे ना?

प्रतिसाद ४
रानवाटा:

आगरवाला, आपला संताप रास्त आहे, पण इतर राज्यांचा दाखला पूर्ण पाहा. हिमाचल प्रदेशात शिमला महापालिकेच्या हद्दीत ऱ्हीसस माकड मार्च २०१६ मध्ये उपद्रवी घोषित झाले आणि पुढे ती घोषणा इतर भागांतही वाढवली गेली. त्याचा उपयोग जवळजवळ कोणी केला नाही. मारुतीरायाच्या देशात माकडावर बंदूक कोण उचलणार, हे सरकारलाही ठाऊक होते. घोषणा करून मारण्याची जबाबदारी मात्र शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकून सरकार मोकळे झाले. दुसरे असे की उपद्रवी घोषित करण्याचे कलम ६२ पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांना लागू होत नाही, त्यामुळे आपल्या टोपीवाल्या माकडाबाबत ती वाट आज बंदच आहे. नेमक्या याच कारणाने केरळने २०२५ मध्ये हे माकड पहिल्या अनुसूचीतून दुसऱ्यात आणणारे विधेयक आणले. महाराष्ट्राला तसे काही हवे असेल, तर तो विधिमंडळाचा आणि केंद्राचा विषय होईल. तालुक्याच्या कार्यालयात भांडून तो सुटणार नाही.

मी वन्यजीवांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून पकडून नेण्याबद्दल थोडे लिहितो. टोपीवाल्या माकडांच्या टोळीत माद्या जन्मभर आपल्या टोळीत राहतात आणि नर मोठे झाल्यावर दुसऱ्या टोळ्यांत जातात. पिंजऱ्यात आधी सापडतात ती धीट किंवा अननुभवी माकडे. दहा-पंधरा पकडून नेली की टोळी फुटते, उरलेल्यांची दोन लहान टोळक्यांत विभागणी होते आणि जिथे कधी माकड नव्हते तिथेही ती जाऊ लागतात. रिकाम्या झालेल्या जागेत, कचरा आणि फळझाडे तशीच असतील तर, शेजारची टोळी सरकते. नेऊन सोडलेली माकडे जंगलात पाला-फळे शोधत बसत नाहीत; ज्यांचा जन्म बाजाराच्या कचऱ्यावर झाला ती सर्वांत जवळची वस्ती शोधतात. कोकणात वाड्या अशा विखुरलेल्या आहेत की वस्तीपासून खरोखर दूर अशी जागा नकाशावर दाखवणे अवघड आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदीच थोडे, बाकीची झाडी खाजगी मालकीची. राहिला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथे शहरी माकडांचे जथे सोडणे म्हणजे माणसांकडून आलेले रोग जंगलातील माकडांना देणे होय.

रोगाचा विषय निघालाच आहे तर माकडतापाचा उल्लेख आवश्यक आहे. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणून ओळखला जाणारा हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम आढळला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात, त्याचे रुग्ण मिळाले. त्याचा विषाणू गोचिडीतून पसरतो आणि माकडे त्याने मरतात. एका तालुक्यातील माकडे गोचिडींसह उचलून दुसऱ्या तालुक्यात सोडणे हे आरोग्य विभागाला विचारल्याशिवाय होता कामा नये, आणि मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता ताबडतोब आरोग्य केंद्राला व वनविभागाला कळवले पाहिजे. आपल्या गावात ही सूचना कोणी दिली आहे का, ते पाहा.

निर्बीजीकरण हा मार्ग आहे, पण तो संथ आहे. हिमाचलने २००६-०७ पासून दीड लाखांहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया केल्या, तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. शस्त्रक्रिया झालेले माकड पुढे अनेक वर्षे जगते, खाते आणि कौलेही फोडते. परिणाम दिसतो तो पुढच्या पिढीची संख्या घटल्यावर. पाच वर्षांची मुदत असलेल्या नगरसेवकाला हा उपाय का आवडत नाही, हे वेगळे सांगायला नको.

कौलारू:

सर्वांचे आभार. मी आधीच्या अर्जाची प्रत काढून पाहिली, तर त्यात कुत्री, गुरे आणि माकडे खरोखरच एका परिच्छेदात आहेत. आजींचा वैद्यकीय दाखला मिळवतो आहे. जुना कारकून यांना एक विचारायचे आहे: वनविभाग माकडे पकडायला तयार झाला, तर खर्च कोणाचा? आमच्याकडे वर्गणी काढून खाजगी माणूस आणण्याची भाषा सुरू झाली आहे. आणि यात नगरपरिषदेचे काहीच काम उरत नाही का?

जुना कारकून:

खाजगी माणूस वर्गणीतून परस्पर आणू नका. पहिल्या अनुसूचीतील प्राणी विनापरवाना पकडल्याचा गुन्हा वर्गणी देणाऱ्यांपर्यंत पोचू शकतो. महाराष्ट्राच्या वनविभागाने २०२५ च्या अखेरीस माकडे-वानरे पकडण्याची कार्यपद्धती आणि मानधन ठरवून दिले आहे. प्रशिक्षित व अनुभवी माणसाकडूनच काम करून घ्यायचे, पहिल्या दहा माकडांपर्यंत प्रत्येकी ६०० रुपये द्यायचे आणि पकडलेली माकडे मानवी वस्तीपासून दूर सोडायची, असे त्यात आहे. म्हणजे खर्चाचे शीर्ष वनविभागाकडे आहे. मात्र माकडामागे पैसे ठरले की पकडणाऱ्याचे लक्ष आकड्यावर राहते, टोळीवर राहत नाही. रानवाटा यांनी सांगितलेली टोळी फुटण्याची भीती इथेच सर्वांत जास्त आहे. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी टोळीची मोजणी झाली का आणि पूर्ण टोळी एकत्र हलवण्याचा आराखडा आहे का, हे लेखी विचारा.

नगरपरिषदेचे काम उरते, आणि ते तिच्या मूळ कर्तव्यातलेच आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ प्रमाणे कचरा उचलणे आणि बाजार स्वच्छ ठेवणे तिच्याकडे आहे. मासळी बाजारामागचा उघडा उकिरडा कुत्र्यांना पोसतो आणि भाजी बाजारामागचा माकडांना. तो बंद करण्यासाठी कोणत्याही वन्यजीव रक्षकाची परवानगी लागत नाही. सार्वजनिक जागी माकडांना खाऊ घालण्यावर निर्बंध आणण्याचा ठरावही परिषदेच्या सभेत आणता येतो. आगरवाला यांच्या घाटातल्या वळणावर नाही, कारण ती जागा तिच्या हद्दीबाहेर असणार, पण देवळाच्या आवाराभोवती नक्की.

अर्ज असे करा. विभागीय वन अधिकाऱ्यांना एक, त्यात जखमींची नावे, तारखा, दाखले, टोळीचा अंदाजे आकार आणि येण्या-जाण्याच्या वेळा. मुख्याधिकाऱ्यांना कचऱ्यासाठी वेगळा आणि कुत्र्यांसाठी वर सांगितलेले दोन. जिल्हाधिकाऱ्यांना चारही अर्जांच्या प्रती, कारण दोन खात्यांची संयुक्त बैठक लावणे त्यांच्याच हातात असते आणि तोंडी टोलवाटोलवी तिथे इतिवृत्तात उतरते. माकड अंगावर आल्याची प्रत्येक घटना वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. शेजारच्या गावाचा आक्षेप खोडून काढत बसू नका. माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा की या तालुक्यातून यापूर्वी पकडलेली माकडे वनाच्या कोणत्या कक्ष क्रमांकात सोडली आणि सोडल्यानंतर त्यांची पाहणी कोणी केली. ते उत्तर हाती आल्यावर त्या गावच्या सरपंचांनाही बैठकीला बोलवा.